दीडशे माणसं, दोन दिवस आणि मुंबईतली एक जागा

बुधवार

आमच्या ग्रंथपाल मंडळाचं अधिवेशन यंदा मुंबईत घ्यायचं ठरलं आणि जागा बघायला मी, खजिनदार अण्णा आणि ताई असे तिघं पंचवटीने निघालो. ताईंनी मीटिंगमधे एकच अट टाकली होती, राहायचं आणि बसायचं एकाच आवारात पाहिजे. मागच्या खेपेला हॉल गावाच्या एका टोकाला आणि लॉज दुसऱ्या टोकाला होतं, जेवण झालं की अर्धी मंडळी "जरा फ्रेश होऊन येतो" म्हणून जी जायची ती थेट रात्रीच्या जेवणाला दिसायची, दुपारच्या सत्रातल्या वक्त्याने पहिल्या रांगेतल्या नऊ जणांना आणि माईकवाल्याला भाषण दिलं. त्यामुळे ताईंच्या अटीवर सगळ्यांनी टेबल वाजवलं. अध्यक्षांची अट वेगळी, त्यांना जुनी, इतिहास असलेली वास्तू हवी, फोटोत मागे काहीतरी दिसलं पाहिजे. आणि अण्णांची अट कोणी विचारलीच नाही कारण ती सगळ्यांना माहितीये.

सीएसएमटीला ताईंचा भाचा घ्यायला आला. हा दादरच्या कॅटरिंग कॉलेजचा, नंतर मोठ्या हॉटेलांच्या बँक्वेटमधे काढलेली वर्षं, आता स्वतःचं केटरिंग. पहिला प्रश्न त्याने विचारला तो असा, "पॅक्स किती, मावशी?" अण्णांना वाटलं काहीतरी पॅकिंगचं विचारतोय. पॅक्स म्हणजे डोकी. दीडशे म्हटल्यावर त्याने विचारलं थिएटर सीटिंग की क्लासरूम. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर थिएटर, पुढे लिहायला टेबलं लावली की क्लासरूम, आणि टेबलं आली की त्याच हॉलमधे माणसं निम्म्यावर येतात. "हॉलवाला तुम्हाला नेहमी थिएटरचा आकडा सांगणार, तो ऐकून खुश व्हायचं नाही," हे त्याचं पहिलं ज्ञान. अण्णांनी लगेच डायरीत लिहून घेतलं.

स्टेशनसमोरच पंचमला पुरीभाजी खाल्ली आणि निघालो एशियाटिककडे. ग्रंथपाल माणसं मुंबईत येऊन आधी तिथे नाही जाणार तर कुठे. टाऊन हॉल 1833 चा, संस्था त्याहून जुनी, 1804 ची. समोरच्या त्या तीस पायऱ्या आणि वरचे डोरिक खांब, फोटोसाठी अध्यक्षांनी जे मागितलं होतं ते सगळं इथे एका फ्रेममधे आहे. आतमधे जगन्नाथ शंकरशेठांचा पुतळा आहे, एल्फिन्स्टन आहे, दरबार हॉल आहे, आणि पुस्तकांचा तो वास, ज्याच्यासाठी आपण सगळे या धंद्यात आलो (पगारासाठी तर नक्कीच नाही). ताई मात्र पायऱ्यांच्या मधेच थांबल्या, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाल्या, आपल्यातले साठ टक्के लोक गुडघ्यांच्या गोळ्या खातात. साठ टक्के हा आकडा त्यांचा, मी मोजलेलं नाही. पण मुद्दा खरा आहे, चहासाठी खाली आलेला माणूस परत वर जाताना दहादा विचार करणार. आणि राहण्याचं काय, तर फोर्टात जी लॉजं आपल्या बजेटची आहेत तिथे ताईंसारखी बाई एकटी उतरणार नाही आणि जिथे उतरेल ती बजेटची नाहीत.

दुपारी युनिव्हर्सिटी. कॉन्व्होकेशन हॉल बघायची परवानगी आधीच काढून ठेवली होती. मुंबई विद्यापीठ 1857 चं, हा हॉल 1874 साली पूर्ण झाला, सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून, त्यांचा पुतळा बाहेर बागेत बसलेला आहे. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, जो स्वतः भारतात कधी आलाच नाही, लंडनला बसून ड्रॉइंगं पाठवली आणि इथल्या लोकांनी कुर्ल्याचा, पोरबंदरचा दगड घडवून ती उभी केली. आत गेल्यावर मात्र आम्ही तिघंही गप्प. वरती मोठी गोल रंगीत काचेची खिडकी, तिच्या कडेने बारा राशी, तीन बाजूंनी लाकडी गॅलरी आणि तिला खालून धरलेले नक्षीचे लोखंडी ब्रॅकेट. दुपारचं ऊन काचेतून आलं की फरशीवर लाल निळे तुकडे पडतात, अण्णा कौतुकाने त्यातल्या एका तुकड्यावर चप्पल सरकवून बघत होते. भाच्याने काय केलं, तर मधोमध उभं राहून एकदाच टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकत बसला. "घुमतं," म्हणाला, "पदवीदानाला ठीक, नाव पुकारलं की माणूस येतो जातो. पण तुमच्या चर्चासत्रात सात जण एकदम बोलणार, कोणाचं काही कळायचं नाही." आमच्या चर्चासत्राबद्दल त्याला एवढी अचूक माहिती कुठून मिळाली कोण जाणे.

शेजारीच राजाबाई टॉवर, 1878 ला पूर्ण झालेला, 280 फूट, प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने बांधायला पैसे दिले. आईला दिसत नव्हतं, जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवायचं, म्हणून वेळ ऐकू यावी असं टॉवर, ही गोष्ट सगळे सांगतात. खाली लायब्ररी आहे, त्या काचा 2015 पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत साफ करून बसवल्या आणि आता बघण्यासारख्या झाल्यात. 2018 साली युनेस्कोच्या यादीत ओव्हल मैदानाच्या अलीकडचं हे गॉथिक आणि पलीकडचं आर्ट डेको असं दोन्ही मिळून गेलं. म्हणजे ग्रंथपालांच्या अधिवेशनाला ही जागा शोभेल यात वाद नाही, पण रात्री दीडशे माणसांनी झोपायचं कुठे, ओव्हलवर?

संध्याकाळी काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीत टेकलो. टाकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण मेकॅनिकांनी 1847 मधे वाचनासाठी म्हणून सुरू केलेली संस्था, इमारत 1870 ची. मला ही जागा फार आवडते कारण इथे कोणी रुबाब करत नाही. वरच्या व्हरांड्यात त्या लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत, एक आजोबा पेपर छातीवर ठेवून झोपलेले, खाली काळा घोड्याचा ट्रॅफिक बोंबलतोय आणि ते घोरतायत. मागे बाग आहे, पन्नासेक माणसांची बैठक छान होईल, पण पन्नासच.

समोर तिरकं बघितलं की एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. हॉटेल आणि कार्यक्रम हे दोन शब्द मुंबईत एकत्र आले की गोष्ट इथून सुरू होते असं मी म्हणेन. 1869 चं, सगळा सांगाडा ओतीव लोखंडाचा, इंग्लंडात तयार करून जहाजाने आणलेला. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंच्या फिल्मा भारतात पहिल्यांदा इथे दाखवल्या. मार्क ट्वेन त्याच वर्षी इथे राहून गेला. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं ही कथा प्रत्येक मुंबईकर छातीठोक सांगतो, पुरावा मात्र कोणी दाखवत नाही. आता 2019 पासून इमारत रिकामी आहे, गॅलऱ्यांना टेकू, जाळ्या. अण्णा म्हणाले, हिचं भाडं कमी असेल.

रात्री ज्या लॉजवर उतरलो त्याचं नाव घेत नाही. गरम पाणी सकाळी सहा ते सात एवढंच, असं बाथरूममधे लिहिलेलं आणि ते पाच पन्नासला येऊन सहा दहाला गेलं.

गुरुवार

सकाळी ताज. घेणार नव्हतोच, पण भाच्याचा बॅचमेट तिथे बँक्वेटला आहे आणि ताईंना आयुष्यात एकदा तो जिना बघायचा होता. मला वेगळ्याच माणसासाठी जायचं होतं. ताजचा पहिला आराखडा केला तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी, पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्सने काम पूर्ण केलं कारण वैद्य हॉटेल उघडायच्या आधीच वारले. हेच वैद्य त्याआधी व्हीटी स्टेशनच्या, म्हणजे आताच्या सीएसएमटीच्या, कामावर त्याचा वास्तुरचनाकार स्टीव्हन्सच्या हाताखाली होते. म्हणजे काल आम्ही ज्या स्टेशनात उतरलो आणि आज ज्या हॉटेलच्या दारात उभे, दोन्हीकडे हा मराठी माणूस, आणि किती मराठी लोकांना हे नाव माहितीये? उलट वास्तुरचनाकाराने हॉटेल उलटं बांधलेलं बघून जीव दिला ही भाकडकथा मात्र घराघरात. उलटं बिलटं काही नाही, मूळ दरवाजा शहराच्या बाजूला होता, जिथे आता स्विमिंग पूल आहे, आणि 16 डिसेंबर 1903 ला हॉटेल उघडलं तेव्हा समोर गेटवे नव्हताच, तो 1924 ला झाला.

बॉलरूम दारातूनच बघितली, संध्याकाळच्या कार्यक्रमाची मांडणी चालू होती. तिथे एक गोष्ट बघितली ती सांगतो. दोन पोरं हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरून उभी आणि तिसरा त्या सुतळीला खुर्चीचा मागचा पाय टेकवत टेकवत चाललेला, एक रांग झाली की सुतळी पुढे. टेबलांना फ्रिल लावणारा वेगळा, टाचण्या तोंडात धरलेल्या. एवढी झुंबरं असलेल्या ठिकाणी सगळी शिस्त एका सुतळीवर, मला तर बरं वाटलं. बॅचमेट म्हणाला, पहिल्या महायुद्धात याच हॉटेलचं 600 खाटांचं हॉस्पिटल केलेलं. 2008 चा विषय आम्ही काढला नाही, त्यानेही नाही, बाहेरच्या स्मारकापाशी मात्र दोन मिनिटं उभे राहिलो.

अण्णांनी बॅचमेटला हळूच "प्लेटचा रेट" विचारला. त्याने सांगितला. अण्णा त्यानंतर गेटवेच्या कबुतरांपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "एका जेवणात आपलं अख्खं अधिवेशन, स्मरणिकेसकट."

पण मला वाटतं प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. अशा हॉटेलात आपली माणसं अवघडून बसतात. पायातल्या चपलेपासून सगळं सांभाळत राहतात, आणि अवघडलेला माणूस चर्चेत तोंड उघडत नाही.

तिथून टॅक्सी करून क्रॉफर्ड मार्केट, सरदारगृह. हे माझं खास होतं, यादीत नव्हतं. लोकमान्य मुंबईत आले की उतरायचे ते इथे आणि 1 ऑगस्ट 1920 ला गेले तेही इथेच. त्या काळी ही मराठी माणसाची हक्काची उतरायची जागा, लोक राहायचे, जेवायचे आणि त्यातच बैठका व्हायच्या, वेगळा कॉन्फरन्स हॉल कशाला. आता खाली दुकानं, वायरींचं जाळं, हॉर्न. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वर बघत होतो तर एक हातगाडीवाला म्हणाला "काका, बाजूला," तेवढंच.

मग गवालिया टँक. आता बघा, सगळ्या मुंबईत मला ज्या जागेने आमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं ती ही. गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेज. 1885 च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन खरं तर पुण्याला व्हायचं होतं, पण पुण्यात कॉलऱ्याची साथ आली आणि ऐनवेळी जागा बदलावी लागली. ज्याने कधी कुठलंही संमेलन भरवलंय त्याला ऐनवेळी जागा बदलणं म्हणजे काय ते माहितीये. तेव्हा या संस्कृत कॉलेजने आणि त्याच्या बोर्डिंगने आपल्या इमारती देऊन टाकल्या. 28 डिसेंबरला 72 प्रतिनिधी जमले. दादाभाई, फिरोजशहा, आपले काशिनाथ त्र्यंबक तेलंग, आणि न्यायमूर्ती रानडे सरकारी नोकरीत म्हणून नुसते बघे म्हणून हजर. बाहेरगावच्यांची राहायची सोय त्याच आवारात, सभाही तिथेच. ताई पाटी वाचून माझ्याकडे वळल्या, "म्हणजे माझीच अट." मी म्हटलं हो, एकशे चाळीस वर्षं आधी कोणीतरी पाळली.

आणि गंमत म्हणजे झुंबर नाही, राशीची खिडकी नाही, पोरांचं वसतिगृह. दिवसभर भाषणं करून माणसं रात्री त्याच जिन्यावर, त्याच पडवीत बसून पुढचं बोलली असणार. अधिवेशनातलं खरं काम ठरावात होत नाही, ते चहाच्या रांगेत आणि रात्री खाटेवर पाय सोडून बसल्यावर होतं हे मी आमच्याच मंडळात बघत आलोय. ग्रंथालयांच्या अनुदानाचा आमचा जो एकमेव मसुदा सरकारदरबारी पोचला तो एका धर्मशाळेच्या ओट्यावर रात्री लिहिलेला.

अण्णांनी आजूबाजूला हॉलच्या चौकश्या केल्या. ऑगस्ट क्रांती मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, 8 ऑगस्ट 1942 च्या त्याच मैदानात, बॉल आमच्याकडे आला तो अण्णांनी खाली वाकून नीट परत टाकला, साठी उलटली तरी हात आहे माणसाला.

शुक्रवार

ताईंनी लॉज सोडताना मॅनेजरला गरम पाण्यावर एक छोटं व्याख्यान दिलं. सामान घेऊनच दादर.

आदल्या रात्रीच भाच्याने एक नवीन कल्पना काढली होती. म्हणाला, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅम्पसमधेच स्टॅटलर नावाचं हॉटेल आहे, हॉटेल मॅनेजमेंटची पोरं तिथे शिकता शिकता काम करतात, परिषदा तिथेच, राहणं तिथेच, बाहेरून आलेला प्राध्यापक लिफ्टने खाली उतरला की थेट सभागृहात. आमच्याकडे तसं हॉटेल नाही पण कॅम्पस तर आहे ना. पवईला आयआयटीत जलविहार, वनविहार अशी गेस्टहाउसं आहेत, पण तिथे आतल्या कोणाचा तरी हात लागतो आणि आमच्यापैकी कोणाचाच मुलगा एवढा हुशार निघाला नाही. कलिन्याला विद्यापीठाचा मोठा कॅम्पस आहे. पण तो आम्हाला घेऊन गेला ते त्याच्या स्वतःच्या कॉलेजात, वीर सावरकर मार्गावरचं इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट. 1954 मधे लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने सुरू झालेलं, देशातलं या प्रकारचं पहिलं, सुरुवात अंधेरीला भवन्सच्या आवारात आणि मग दादरला. अधिवेशनाला इतिहास हवा म्हणता, तर हाही इतिहासच की, देशभरच्या हॉटेलांना माणसं पुरवणारं घर.

आत पांढऱ्या कोटातली पोरं एका ओळीत ट्रे घेऊन चाललेली, मागून एक सर ओरडतायत, "खांदा, खांदा सरळ!" भाचा थांबून हसत बघत राहिला, तेच सर त्यालाही ओरडायचे म्हणे. ऑफिसात आमचा अर्ज दिला, दीडशे पॅक्स, क्लासरूम सीटिंग, दोन चहा, एक जेवण, पोरांनी केलं तर फारच छान. राहण्यासाठी आजूबाजूला दादरमधे गेस्टहाउसं, मंगल कार्यालयांच्या खोल्या बघितल्या, दोन बऱ्या वाटल्या. एकच आवार नाही झालं, पण चालत पाच सात मिनिटं आणि वाटेत कीर्ती कॉलेजचा वडापाव. चुरा जास्त मागून घ्यायचा. ताई म्हणाल्या, वाटेत वडा आहे म्हणजे माणसं पळून गेली तरी सापडतील.

दुपारी दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो, 1898 ची संस्था. हे आधीच सुचायला हवं होतं असं अण्णा म्हणाले पण ते प्रत्येक जागेबद्दल तसं म्हणतात. तिथल्या लोकांशी बोलताना वेळ कसा गेला कळलं नाही, वर्गीकरणावरून ताईंचा आणि एका गृहस्थांचा मस्त वाद झाला, चहा दोनदा आला. उद्घाटन इथे, सत्रं कॅटरिंग कॉलेजात, अशी एक जुळणी डोक्यात आली. भाच्याने मिनिमम गॅरंटी समजावून सांगितली, म्हणजे दीडशे सांगितले आणि एकशे दहाच जेवले तरी पैसे दीडशेचे, त्यामुळे सांगायचे एकशे वीस आणि ऐनवेळी वाढवायचे. अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

पंचवटी दादरलाच पकडली, चौथी सीट कशीबशी. ठाणं येईपर्यंत अण्णांनी तीन तक्ते केले, कल्याणपर्यंत ते खोडले. एशियाटिकला एक दिवस अभ्यासभेट ठेवायची यावर तिघांचं एकमत आहे, ज्यांना पायऱ्या झेपतील त्यांनी चढायच्या, बाकीच्यांनी खाली बागेत. अध्यक्षांना फोन केला तर त्यांना अजून राशींची खिडकीच हवीये, विद्यापीठाला लेखी विचारा म्हणाले, ते पत्र सोमवारी जाईल. मी आणि ताईंनी दादरला मत दिलंय. अण्णांचं मत कोटेशन आल्यावर.